लायब्ररी, व्हॉलंटिअर आणि कौन्सिलर: लंडनमधल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

गणपतीत, हळदीकुंकवाला, शाळेच्या गेटवर पोरांची वाट बघताना, सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकते. मी उत्तर-पश्चिम लंडनमध्ये राहते, दर शनिवारी सकाळी एका छोट्या लायब्ररीत बिनपगारी डेस्कवर बसते आणि त्याच लायब्ररीसाठी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये जाऊन भांडूनही आलेय, त्यामुळे मी तटस्थ वगैरे अजिबात नाही हे आधीच सांगते. माझ्या लायब्ररीचं आणि कौन्सिलचं नाव घेणार नाही, भाडेकराराचं बोलणं अजून चालू आहे, उगाच कशाला. बाकी जे पेपरात आणि कोर्टात येऊन गेलंय ते नावानिशी सांगते.

लोक फुकट काम करायला तयार आहेत, मग कौन्सिलरना प्रॉब्लेम काय आहे?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यातच घोळ आहे, कारण भांडण एक नाही, दोन आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. एका ठिकाणी कौन्सिल म्हणते लायब्ररी बंद करतो, लोक म्हणतात थांबा, आम्ही चालवतो, कौन्सिल म्हणते नको. हे ब्रेंटमध्ये, म्हणजे उत्तर-पश्चिम लंडनच्या एका भागात, झालं. दुसऱ्या ठिकाणी कौन्सिल म्हणते लायब्ररी तुम्हीच चालवा, लोक म्हणतात का म्हणून, टॅक्स कशाला भरतो मग, पगारी माणूस द्या. हे लंडनला लागून असलेल्या सरे काउंटीत झालं.

म्हणजे "लोकांना व्हॉलंटिअर हवेत आणि नगरसेवकांना नकोत" किंवा त्याच्या उलट, असं काही सरळ नाहीये. फुकट काम करणं चांगलं की वाईट यावर कोणी भांडतच नाही. भांडण आहे ते दोन शब्दांवर: पगारी माणसाच्या "जोडीला" का पगारी माणसाच्या "ऐवजी". आणि त्याच्या मागोमाग, इमारतीची किल्ली कोणाकडे.

कौन्सिलर म्हणजे आपला नगरसेवकच ना?

साधारण हो. वॉर्डातून निवडून येतो, पक्षाचा असतो, रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी शिव्या खातो. फरक एवढाच की इथे बहुतेक कौन्सिलमध्ये सात-आठ-दहा जणांचं कॅबिनेट असतं आणि खरे निर्णय तिथे होतात, लायब्रऱ्यांसाठी एक लीड मेंबर, म्हणजे त्या खात्याची जबाबदारी असलेला कौन्सिलर, असतो. तुमच्या वॉर्डाचा कौन्सिलर तुमच्याशी कितीही गोड बोलला तरी तो कॅबिनेटमध्ये नसेल तर त्याच्या हातात फारसं काही नसतं. हे मला कळायला दोन वर्षं गेली, तोवर चुकीच्या माणसाला चहा पाजत होते.

लायब्ररी चालवणं कौन्सिलला कायद्याने बंधनकारक आहे का?

आहे. १९६४ चा पब्लिक लायब्ररीज अँड म्युझियम्स ॲक्ट, त्याचं सातवं कलम. ज्याला लायब्ररी वापरायची आहे त्या प्रत्येकासाठी "सर्वसमावेशक आणि कार्यक्षम" सेवा द्यायची, असं त्यात आहे. आता सर्वसमावेशक म्हणजे किती, याचा आकडा कायद्यात कुठेच नाही. बारा लायब्रऱ्या म्हणजे सर्वसमावेशक का सहा? गेल्या पंधरा वर्षांतले बरेच खटले या एका वाक्याभोवती नाहीतर समानतेच्या कायद्याभोवती फिरलेत.

मंत्र्याला लक्ष घालायचा, चौकशी लावायचा अधिकार आहे पण तो वापरला जातो फार क्वचित. लिव्हरपूलजवळच्या विरलमध्ये २००९ मध्ये कौन्सिलने चोवीसपैकी अकरा लायब्रऱ्या बंद करायच्या ठरवल्या तेव्हा चौकशी बसली, अहवाल बाहेर यायच्या आधीच कौन्सिलने निर्णय मागे घेतला आणि मग कौन्सिलने कायदा मोडला असा निष्कर्ष आला. इथल्या चळवळीतली जुनी माणसं आजही विरल विरल करतात, आपल्याकडे एखादा जुना क्रिकेटचा सामना काढतात तसं.

हे सगळं सुरू कधी झालं?

काही ठिकाणी आधीपासून होतं. बकिंगहॅमशायरमध्ये लिटल चॅलफंटसारख्या गावांत २०१० च्या आधीच लोकांनी लायब्रऱ्या ताब्यात घेऊन नीट चालवल्या होत्या, आणि मग प्रत्येक कौन्सिलच्या प्रेझेंटेशनमध्ये त्याचंच उदाहरण यायला लागलं. पण ते गाव कसलं आहे ते बघा ना, रिटायर झालेले मॅनेजर, अकाउंटंट, वकील, सगळ्यांकडे वेळ आणि पैसा. ब्रेंटमधल्या हार्ल्सडेनमध्ये दोन शिफ्ट करणाऱ्या बाईला सांगा बरं लायब्ररीचे हिशेब ठेवायला.

खरी लाट आली २०१० नंतर, केंद्राने कौन्सिलांचं अनुदान धडाधड कापलं तेव्हा. बीबीसीने २०१६ मध्ये सगळ्या कौन्सिलांकडून आकडे मागवले होते, त्यात निघालं की सहा वर्षांत ३४३ लायब्रऱ्या बंद झाल्या, १७४ लोकांच्या गटांकडे गेल्या, जवळपास ८,००० पगारी नोकऱ्या गेल्या आणि त्याच काळात १५,५०० व्हॉलंटिअर घेतले गेले. शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा, युनियनवाले एवढे का चिडतात ते कळेल.

आणि हे एका पक्षाचं पाप नाही. सरेत कॉन्झर्व्हेटिव्ह होते, ब्रेंटमध्ये लेबर, बार्नेटमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह, लॅम्बेथमध्ये परत लेबर. भांडण सगळीकडे झालं.

ब्रेंटमध्ये नक्की काय झालं? मंडळ तिथेच आहे म्हणून विचारतोय.

हो, डॉलिस हिल लेनवरचं महाराष्ट्र मंडळ ब्रेंटमध्येच येतं, आणि बंद झालेल्या सहांपैकी नीसडन आणि क्रिकलवुड या दोन लायब्रऱ्या मंडळापासून फार लांब नव्हत्या. तरी आपल्यातल्या किती जणांना तेव्हा हे माहीत होतं? मलाही नव्हतं. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मात्र पाठ होत्या.

तर ब्रेंटकडे बारा लायब्रऱ्या होत्या. एप्रिल २०११ मध्ये सहा बंद करायचं ठरलं: केन्सल राइज, बारम पार्क, प्रेस्टन, नीसडन, क्रिकलवुड आणि टोकिंग्टन. कौन्सिलचं म्हणणं, पैसे नाहीत, त्यापेक्षा उरलेल्या सहा चांगल्या चालवू, आठवड्याचे सातही दिवस उघड्या ठेवू. लोकांनी गट काढले, प्रस्ताव दिले, आम्ही व्हॉलंटिअर आणतो, पैसे जमवतो, तुम्ही फक्त इमारत द्या. कौन्सिलची अट होती की कौन्सिलला त्याचा काहीही खर्च पडता कामा नये. काहीही म्हणजे काहीही नाही. प्रस्ताव नाकारले गेले. लोक कोर्टात गेले, १३ ऑक्टोबर २०११ ला हायकोर्टात हरले, डिसेंबरमध्ये अपिलातही हरले.

हायकोर्टाचा निकाल आला त्याच दिवशी दारांना फळ्या ठोकायला माणसं आली. केन्सल राइजला लोक दारात उभे राहिले आणि मग कित्येक महिने तिथेच फुटपाथवर टेबल मांडून, वर प्लॅस्टिकची ताडपत्री बांधून पुस्तकं द्यायला सुरुवात केली. भर हिवाळ्यात, हातमोजे घालून. आपल्याकडे पावसाळ्यात भाजीवाला निळी ताडपत्री बांधतो ना, अगदी तस्सं, फक्त खाली कोथिंबिरीऐवजी पोरांची चित्रांची पुस्तकं.

त्या इमारतीची गंमत म्हणजे ती १९०० मध्ये मार्क ट्वेनच्या हस्ते उघडली होती. जमीन दिलेली ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजने, अट अशी की लायब्ररीसाठीच वापरायची. म्हणजे लायब्ररी बंद झाली की जागा परत कॉलेजकडे. क्रिकलवुडचंही तसंच. दान देणाऱ्याने अट घातली होती लायब्ररी राहावी म्हणून, आणि शंभर वर्षांनी त्याच अटीमुळे जागा लोकांच्या हातातून निसटली, काय म्हणणार याला. मे २०१२ मध्ये पहाटेच्या अंधारात पोलिसांच्या पहाऱ्यात कौन्सिलची माणसं आली आणि उरलेली पुस्तकं, फर्निचर, भिंतीवरची चित्रं सगळं काढून घेऊन गेली. सकाळी लोक उठून बघतात तर आत मोकळ्या भिंती. पुढे कॉलेजने जागा बिल्डरला दिली, परवानगीच्या अर्जाला खोट्या नावांनी पाठिंब्याचे मेल गेल्याचा संशय आला, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, आणि बऱ्याच वर्षांनी शेवटी वर फ्लॅट आणि खाली व्हॉलंटिअरांची लायब्ररी असं झालं. म्हणजे २०११ मध्ये लोक जे मागत होते त्यातलंच थोडंसं, फक्त मधे इतकी वर्षं आणि वर फ्लॅट.

बारमची वेगळी कथा. टायटस बारम नावाच्या माणसाने आपलं घर आणि बाग वेम्बलीच्या लोकांना दिली होती. तिथली लायब्ररी बंद झाल्यावर व्हॉलंटिअरांनी आधी एका दुकानात पुस्तकं मांडली, आणि त्यात पुढे होते पॉल लॉर्बर, जे स्वतः आधी ब्रेंट कौन्सिलचे लीडर होते. म्हणून "कौन्सिलर विरुद्ध लोक" असं चित्र काढताना जरा जपून, कधीकधी तोच माणूस दोन्हीकडे असतो.

आपल्या देशी लोकांचा यात काही संबंध आला का?

कोर्टात चांगलाच आला. ब्रेंटमध्ये लायब्ररी वापरणाऱ्यांत आशियाई लोकांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त होतं, म्हणजे सहा लायब्रऱ्या बंद केल्या की त्यांना जास्त फटका, आणि कौन्सिलने समानतेच्या कायद्याखाली याचा नीट विचार केलेला नाही असा मुद्दा होता. कोर्टाने तो मान्य केला नाही. पण मुद्दा मला तरी पटतो. वेम्बली, अल्पर्टनच्या घरांत एका खोलीत तीन पोरं अभ्यासाला, तिकडे आजीची सिरियल लावलेली, मग पोरं लायब्ररीत जाणार नाहीत तर कुठे. आजोबा सकाळी गुजराती पेपर वाचायला येतात, घरी सून कामावर, हीटिंग बंद. त्यांना "दीड मैलावर नवीन मोठी लायब्ररी आहे" सांगून उपयोग नाही, गुडघ्यांना दीड मैल म्हणजे परदेश.

आणि सरेमध्ये?

सरेकडे बावन्न लायब्रऱ्या, त्यातल्या दहा, बायफ्लीट, बॅगशॉट, लिंगफील्ड वगैरे, व्हॉलंटिअरांनी चालवायच्या असं काउंटी कौन्सिलने ठरवलं. लोक कोर्टात गेले आणि एप्रिल २०१२ मध्ये जिंकले. कशावर? व्हॉलंटिअरना समानतेचं ट्रेनिंग काय लागेल, म्हणजे अंध माणूस आला, इंग्लिश न येणारी बाई आली, ऑटिझम असलेलं मूल आलं तर काय करायचं, याची पुरेशी माहिती कॅबिनेटपुढे ठेवलीच नव्हती, म्हणून निर्णय बेकायदेशीर. त्याच्या आधी नोव्हेंबर २०११ मध्ये ग्लॉस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन काउंटीही समानतेच्याच मुद्द्यावर हरल्या होत्या.

पण हे ऐकून फार उड्या मारू नका. कोर्ट म्हणतं "तुम्ही नीट विचार न करता ठरवलंत", "हे ठरवूच नका" असं म्हणत नाही. सरेने कागदपत्रं नीट करून काही महिन्यांत तोच निर्णय परत घेतला. लढून मिळाला तो वेळ आणि थोडं ट्रेनिंग. ट्रेनिंग मात्र खरंच कामाचं आहे, ते मी खाली सांगते.

कौन्सिलरांची बाजू काही आहे की नाही? तू एकतर्फी बोलतेस.

आहे ना, आणि ती ऐकल्याशिवाय मीटिंगला गेलात तर तोंडावर पडाल.

पहिलं म्हणजे पैसे खरंच गेले. म्हाताऱ्यांची देखभाल, धोक्यातली मुलं, बेघर कुटुंबं, हे खर्च कौन्सिलला टाळता येत नाहीत आणि दर वर्षी वाढतात, मग कात्री फिरते लायब्ररी, बाग आणि युथ क्लबवर. दुसरं, जुन्या इमारती. माझ्या लायब्ररीच्या छताचं एस्टिमेट बघितलं तेव्हा मी पण गप्प झाले होते. तिसरं, आणि याच्यावर लोक रागावतात पण मला यात तथ्य वाटतं, व्हॉलंटिअर म्हणजे कायमचे नसतात. आज चाळीस जण सह्या करतात, फोटो काढतात, फेब्रुवारीतल्या पावसाच्या मंगळवारी चार जण येतात. मग टाळं लावलं की शिव्या परत कौन्सिललाच. एक लीड मेंबर मला म्हणाला होता की तुमच्या उत्साहावर मी पाच वर्षांचं बजेट कसं बनवू, आणि खरं सांगते, मला लगेच उत्तर सुचलं नाही. घरी येताना बसमध्ये सुचलं, की आमच्या उत्साहावर बनवू नका पण एक पगारी माणूस तरी ठेवा, म्हणजे उत्साह कमी-जास्त झाला तरी दार उघडं राहील. पण बसमध्ये सुचून काय उपयोग.

ब्रेंटने मात्र लायब्रऱ्या बंद करत असतानाच वेम्बलीला नवं सिव्हिक सेंटर बांधायला घेतलं, २०१३ मध्ये ते उघडलं, आत चकाचक लायब्ररी. छान आहे, मी जाते तिथे. पण "पैसे नाहीत" आणि "नवी इमारत" एकाच वर्षी ऐकलं की माणसाचा विश्वास बसत नाही, मग हिशेब कितीही बरोबर असो.

आमच्या गावात वाचनालय संस्थाच चालवते, कार्यकारी मंडळ फुकटच काम करतं. इथे एवढा गहजब कशाला?

हा प्रश्न माझ्या बाबांचा. ते आमच्या तालुक्याच्या गावात वाचनालयाचे चिटणीस होते, घरी रात्री जेवणं झाली की वर्गणीच्या पावत्या लिहीत बसायचे, दिवाळी अंकांच्या वेळी तर घरात आईशी बोलायलाही वेळ नसायचा. त्यांना हे भांडण कळतच नाही.

महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे पण बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकारची नाहीत, संस्थांची आहेत, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, लोकांनी काढलेली. सरकार अ, ब, क, ड असा वर्ग बघून अनुदान देतं. अनामत आणि वर्गणी भरून सभासद व्हायचं. लायब्ररीसाठी वेगळा कर नाही. म्हणजे तिकडे पाया लोकांचा आणि वर सरकारची मदत.

इथे पाया उलटा. शंभर-दीडशे वर्षं लायब्ररी ही कौन्सिलची, टॅक्समधून चालणारी, पुस्तक न्यायला एक पेनी लागत नाही, अनामत नाही, ओळखीचा सभासद लागत नाही. घर नसलेला माणूसही आत येऊन दिवसभर बसू शकतो, कोणी "मेंबर आहात का" विचारत नाही. ते लोकांच्या गटाकडे द्यायचं म्हणजे टॅक्स तोच भरायचा आणि काम पण आपणच करायचं. बाबांना एवढं सांगितलं तर म्हणाले, पण मग तिकडे ग्रंथपालाला पगार नीट असणार. मी म्हटलं हो, असायचा. आपल्याकडे ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षं अनुदानवाढीसाठी मोर्चे काढतायत हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मग ते गप्प बसले. फोनवर नुसता पंख्याचा आवाज.

व्हॉलंटिअर डेस्कवर नक्की करतो काय? पुस्तकांवर शिक्के मारायचे ना?

शिक्के गेले. आता मशीन आहे, पुस्तकांची चळत ठेवली की एकदम नोंद होते, आणि ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी मी. पण पुस्तकं हे अर्धंच काम. शनिवारी दहा वाजता दार उघडायच्या आधी बाहेर चार-पाच जण उभे असतात आणि त्यातल्या तिघांना प्रिंटर हवा असतो.

एकदा एक काका आले, हातात फोन, बेनिफिटचा, म्हणजे सरकारी मदतीचा, फॉर्म ऑनलाइन भरायचाय, इंग्लिश तुटकं, मला म्हणाले बेटा तूच भर, आणि एका कागदावर पासवर्ड लिहून तो माझ्या हातात दिला. आता मी काय करू? पगारी लायब्रेरियनला याचं ट्रेनिंग असतं, कुठवर मदत करायची, कुठे थांबायचं, कोणाकडे पाठवायचं. मला सांगितलं होतं की दुसऱ्याच्या पासवर्डला हात लावायचा नाही, त्यांच्या वतीने बटण दाबायचं नाही. मी कागद उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी बसून एकेक अक्षर बोटाने दाखवत बसले, पन्नास मिनिटं गेली, तिकडे रांगेत पोरं बोंबलतायत, मशीन अडकलंय, आणि शेवटचं पान आलं तोवर सेशन संपून सगळं उडालं. काका हसले, म्हणाले कल आऊंगा. उद्या रविवार, आम्ही बंद. सोमवारी पगारी बाई येतात त्यांच्या नावे चिठ्ठी ठेवली. त्या सोमवारी नसत्या तर? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आलं. व्हॉलंटिअर म्हणून मी बरी आहे, पण मी बरी आहे कारण सोमवारी त्या आहेत.

म्हणजे तू कोणाच्या तरी नोकरीवर बसली आहेस असं नाही वाटत?

वाटतं. माझ्या खुर्चीच्या पाठीला अजून जुन्या असिस्टंटचा कार्डिगन अडकवायचा हूक आहे. त्यांनी वीस वर्षं काम केलं, तास कापले गेले, मग पोस्टच गेली. युनिसन ही युनियन आणि सिलिप ही लायब्रेरियन लोकांची संस्था, दोघांचंही म्हणणं हेच की व्हॉलंटिअर जास्तीचे असावेत, बदली नसावेत. काही लायब्रेरियन माझ्याशी आजही नीट बोलत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. पण त्या दिवशी पर्याय असा होता की मी बसते किंवा दार बंद. असा पर्याय ज्यांनी पुढे ठेवला भांडण त्यांच्याशी असायला हवं, पण प्रत्यक्षात चिडचिड आपापसातच होते, चाळीत पाणी कमी आलं की नळावर भांडतात तशी.

व्हॉलंटिअर लायब्ररीतून पुस्तक नेलं तर लेखकाला पैसे मिळतात का?

कौन्सिलच्या सेवेत असलेल्या लायब्ररीतून पुस्तक गेलं की लेखकाला दर वेळी थोडे पेन्स मिळतात, पब्लिक लेंडिंग राइट म्हणतात त्याला. जी लायब्ररी कौन्सिलच्या यादीतून पूर्ण बाहेर गेली तिच्यातून नेलं तर नाही. म्हणून यादीत आहोत का बाहेर, हे पहिल्याच मीटिंगला विचारा.

लायब्ररीत घुसून बसण्याचा काही उपयोग होतो का?

मी सल्ला देत नाहीये, झालं ते सांगते. बार्नेटमध्ये फ्रायर्न बार्नेटची लायब्ररी एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली, सप्टेंबरमध्ये स्क्वॉटर, म्हणजे रिकाम्या इमारतीत घुसून राहणारे, आत शिरले, आणि चक्क लायब्ररी उघडली. आजूबाजूच्या लोकांनी घरातली पुस्तकं आणून दिली, सोबत केक. कोर्टात कौन्सिल जिंकली पण फेब्रुवारी २०१३ मध्ये किल्ल्या लोकांच्या गटाला मिळाल्या. पण त्याच बार्नेटने पुढे बाकीच्या लायब्रऱ्यांमध्ये कर्मचारी असण्याचे तास कमी करून मशीनवर चालणारे तास आणले.

लॅम्बेथच्या हर्न हिलमध्ये कार्नेगी लायब्ररीत ३१ मार्च २०१६ ला लोक शेवटच्या दिवशी बाहेरच पडले नाहीत, सुमारे दहा दिवस आत राहिले, पोरंबाळं घेऊन. कौन्सिलला तिथे जिम करायची होती आणि पुस्तकं ठेवायची एका कोपऱ्यात, बिनमाणसांची. दोन वर्षांनी लायब्ररी परत उघडली, जिम पण झालीच.

कौन्सिलरपर्यंत पोचायचं कसं?

त्यांची सर्जरी असते, म्हणजे महिन्यात एक-दोनदा ठरलेल्या वेळी चर्चच्या हॉलमध्ये वगैरे बसतात, जाऊन भेटा, एकटे जाऊ नका. कन्सल्टेशनचा, म्हणजे लोकांची मतं मागवण्याचा, ऑनलाइन फॉर्म येईल तो भरा पण त्यातले प्रश्न नीट वाचा. आमच्याकडे प्रश्न असा होता: लायब्ररी वाचवण्यासाठी तुम्ही व्हॉलंटिअर म्हणून मदत कराल का, हो किंवा नाही. भोळेपणाने सगळ्यांनी "हो" केलं आणि मग रिपोर्टमध्ये आलं की रहिवाशांचा व्हॉलंटिअर मॉडेलला मोठा पाठिंबा आहे. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, खाली मोकळ्या चौकटीत लिहा, "पगारी कर्मचाऱ्याच्या जोडीला, ऐवजी नाही."

कॅबिनेटपुढे बोलायला आम्हाला तीन मिनिटं मिळाली. मी घरी घड्याळ लावून सहा वेळा म्हणून बघितलं, नवऱ्याला पाठ झालं होतं. तिथे गेल्यावर माइक बंद, तो चालू करण्यात चाळीस सेकंद गेले आणि ते कापून घेतले. एक कौन्सिलर पूर्ण वेळ फोनमध्ये. पण माझ्यानंतर एक नऊ वर्षांची मुलगी बोलली, की मला घरी टेबल नाहीये, आणि बसली. फोन खाली ठेवला गेला. म्हणून भाषणं कमी करा, टेबल नसलेल्यांना बोलू द्या.

किल्ली देतो म्हणाले तर लगेच घ्यायची?

अजिबात नाही. "नाममात्र भाडं" ऐकून हुरळून जाऊ नका, करारात दुरुस्ती कोणाची ते बघा. छप्पर, बॉयलर, वायरिंग तुमच्या गळ्यात असेल तर ते नाममात्र भाडं फार महाग पडतं. किती वर्षांचा करार आहे बघा, एक-दोन वर्षांचा असेल तर कोणीही ट्रस्ट तुम्हाला ग्रँट देणार नाही. रजिस्टर्ड चॅरिटी झालात तर बिझनेस रेट्समध्ये, म्हणजे बिगरघरगुती इमारतींवरच्या करात, ऐंशी टक्के सूट मिळते, ती घ्याच. विमा, फायर अलार्मची तपासणी, कौन्सिलची कॅटलॉग सिस्टिम वापरायला मिळणार का, पुस्तकांची व्हॅन तुमच्याकडे येणार का. व्हॅन येत राहिली तर तुम्ही लायब्ररी आहात, नाही आली तर काही वर्षांत जुन्या थ्रिलरचं गोडाऊन होतं, मी बघितलंय.

आणि इमारत विकायला काढतील अशी शंका असेल तर २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टखाली ती "ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू" म्हणून नोंदवून घ्या, विक्रीच्या वेळी लोकांच्या गटाला पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत वेळ मिळू शकतो. मालकाने तुम्हालाच विकावी अशी सक्ती मात्र त्यात नाही.

तिथे मराठी पुस्तकं ठेवता येतील का?

आमच्याकडे गुजराती, हिंदी, उर्दूचं कपाट आहे, मराठीची साडेतीन पुस्तकं होती, अर्धं म्हणजे शेवटची पानं फाटलेलं रहस्यकथेचं. मी घरून अकरा आणली. ती कॅटलॉगमध्ये घालायला पगारी माणूस लागतो, त्यामुळे अजून ट्रॉलीवर आहेत. कोणीतरी एक नेलं, परत आणलं, आत बिलाच्या मागे "छान होतं" लिहिलेलं. कोण आहात तुम्ही, भेटा.

मी पण येऊ का शनिवारी?

या की. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा आणा, पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म लागेल तर त्याला थोडे आठवडे लागतात, तोवर पुस्तकं लावायला चालतं. पावणेदहाला मागच्या दाराने, बेल बिघडलीय, काचेवर टकटक करा. डबा आणलात तर फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवा, खालचा लेबर आणि लिब डेम या दोन्ही पक्षांकडच्या काकवा वापरतात आणि त्यांचं दुधावरून आधीच जमत नाही.